गृहचित्रपटगृहासाठी सबवूफरची निवड

सबवूफर हा ध्वनिक्षेपकाचा, म्हणजे नित्याच्या बोलीतील स्पीकरचा, एक विशेष प्रकार असून तो केवळ अतिशय खालच्या पट्टीतील ध्वनी निर्माण करण्यासाठी वापरला जातो. माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ या मर्यादेतील ध्वनी ऐकू येतात. त्यांपैकी २० ते ८०, फार तर १२० हर्ट्झपर्यंतचा तळाचा भाग सबवूफरकडे सोपवलेला असतो. घरी चित्रपट पाहण्यासाठी केलेल्या ध्वनिव्यवस्थेला बाजारात ‘होम थिएटर’ हेच नाव रूढ आहे. या व्यवस्थेतील सर्वांत मोठी पेटी सबवूफरची असते, सर्वाधिक वीजही तीच खाते आणि शेजाऱ्यांचा रोषही बहुधा तिच्यामुळेच ओढवतो.

सबवूफरचे माप त्याच्या पडद्याच्या व्यासावरून इंचांत सांगतात. ८, १०, १२ आणि १५ इंची ही प्रचलित मापे होत. निवड मात्र केवळ इंचांवरून करता येत नाही. खोलीचे घनफळ, भिंती व छताची बांधणी, बसण्याचे अंतर आणि शेजार या चार गोष्टींवर ती अवलंबून असते. सोलापूरसारख्या शहरात जुने दगडी वाडे, गिरणी कामगारांच्या चाळी, पत्र्याच्या छपरांची विणकरांची घरे आणि नव्या सदनिका जवळजवळ नांदतात. तेथे एका घरात उत्तम वाजलेला सबवूफर दुसऱ्या घरात त्रासदायक का ठरतो, याचे उत्तर या चार गोष्टींतच सापडते.

स्वरूप व कार्य

सर्व ध्वनिक्षेपक हवा पुढे-मागे ढकलून ध्वनी निर्माण करतात. ध्वनीची वारंवारता जितकी कमी, तितकी जास्त हवा हलवावी लागते. वारंवारता निम्मी झाली की तेवढ्याच तीव्रतेसाठी चौपट हवा हलवणे भाग पडते. म्हणजेच ८० हर्ट्झवर जे काम एक पट हवेने होते, त्यासाठी ४० हर्ट्झवर चौपट आणि २० हर्ट्झवर सोळापट हवा लागते. भिंतीवर टांगलेल्या वीतभर स्पीकरला हे जमत नाही. म्हणून हे काम त्याच्याकडून काढून मोठ्या पडद्याच्या स्वतंत्र पेटीकडे दिले जाते. अशा बहुतेक पेट्यांत स्वतःचा ॲम्प्लिफायर बसवलेला असतो.

चित्रपटाच्या ५.१ ध्वनिपद्धतीतील ‘पाच’ म्हणजे समोरचे तीन व बाजूचे दोन मार्ग. दशांश चिन्हानंतरचा ‘एक’ हा फक्त खर्ज परिणामांचा मार्ग होय. तो १२० हर्ट्झच्या वर जात नाही, आणि इतर मार्गांच्या तुलनेत त्याला १० डेसिबलची जादा वाव दिलेली असते. स्फोट, मेघगर्जना, भूकंप, रथांची घरघर हे सारे येथे येते. संगीतातला खर्जही सबवूफरकडेच येतो: पाश्चात्य डबल बेसची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर लागते, तर पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झवर. तबल्याचा डग्गा आणि पखवाजाची धुमा लावलेली बाजू यांचा मूळ घुमारा साधारणतः १०० हर्ट्झच्या खाली-वर असतो. त्यामुळे भजन वा शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला २० हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या प्रचंड पेटीची गरज नसते.

चांगल्या सबवूफरची परीक्षा केवळ दणक्यावरून होत नाही. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसराशी नाते सांगणारा नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) हा चित्रपट या दृष्टीने उपयुक्त नमुना आहे. अजय-अतुल यांच्या संगीतातील ‘झिंगाट’ हे गाणे ठेक्याच्या खर्जावर उभे आहे. याच चित्रपटासाठी पाश्चात्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिस येथे करण्यात आले. त्यातील मोठ्या तंतुवाद्यांचा खर्ज संथ व लांबट आहे. आणि चित्रपटाचा शेवट निःशब्द आहे. पहिल्या ठिकाणी ठोका पडून लगेच थांबायला हवा, दुसऱ्या ठिकाणी स्वर स्वच्छ टिकायला हवा, आणि तिसऱ्या ठिकाणी पेटीतून गुणगुण सुद्धा येता कामा नये. केवळ पहिल्या कसोटीवर खरेदी केलेली पेटी उरलेल्या दोहोंत अनेकदा नापास होते.

पार्श्वभूमी

चित्रपटगृहात प्रेक्षकाला अंगावर जाणवेल असा खर्ज देण्याचा गाजलेला प्रयोग १९७४ मधील ‘अर्थक्वेक’ या अमेरिकी चित्रपटासाठी झाला. त्या यंत्रणेचे नाव सेन्सराउंड. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिमी प्रतींत खर्जासाठी स्वतंत्र मार्ग राखण्यात आला. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल पद्धती चित्रपटगृहांत आली, आणि पुढे डीव्हीडीमुळे तीच रचना घरात पोहोचली. भारतात ‘शोले’ने (१९७५) ७० मिमी पडदा व बहुमार्गी ध्वनी यांची गोडी लावली होतीच.

महाराष्ट्रात मिरवणुकीतील भिंतीएवढ्या ध्वनियंत्रणेला ‘डॉल्बी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. डॉल्बी लॅबोरेटरीज ही मूळ संस्था मुख्यतः ध्वनिसंस्करणाच्या तंत्रज्ञानासाठी ओळखली जाते. रस्त्यावरच्या या पेट्यांशी तिचा संबंध नाही. तरीही हा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण घरासाठी सबवूफर घेणाऱ्या अनेकांच्या मनातली मोठ्या खर्जाची कल्पना मिरवणुकीतच घडलेली असते. मोकळ्या रस्त्यावर ध्वनी अडवणारे छत नसते. अंतर दुप्पट झाले की एकट्या ध्वनिस्रोताची तीव्रता सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणून तेथे १८ इंची पडद्यांच्या रांगा लावाव्या लागतात. चार भिंतींच्या खोलीत ध्वनी पुन्हा पुन्हा परत येतो. रस्त्याचा हिशेब घराला लावणे हीच निवडीतली सर्वांत मोठी चूक होय.

पडद्याचे माप

इंचांतला व्यास पाहून होणारा अंदाज फसवा असतो, कारण हवा ढकलतो तो पडद्याचा पृष्ठभाग, आणि तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय जाहिरातीतील व्यासात बाहेरची चौकटही धरलेली असते. ८ इंची सबवूफरच्या पडद्याचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर, १० इंचीचे ३४०, १२ इंचीचे ५०० आणि १५ इंचीचे ८५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे ८ वरून १२ इंचांवर गेल्यास माप दीडपट दिसते, पण हवा ढकलणारा पृष्ठभाग दुपटीहून अधिक होतो. याच हिशेबाने १० इंची दोन पेट्या मिळून १२ इंची एका पेटीला मागे टाकतात.

पृष्ठभागाइतकेच महत्त्व पडदा किती पुढे-मागे सरकू शकतो याला आहे. एकाच मापाच्या दोन पेट्यांपैकी एकीचा पडदा ५ मिलिमीटर आणि दुसरीचा १२ मिलिमीटर सरकत असेल, तर दुसरी कितीतरी अधिक काम करते. दुकानात ठेवलेल्या पेटीवरून हे कळत नाही; निर्मात्याने दिलेल्या तांत्रिक माहितीतच ते शोधावे लागते. पेटी किती हर्ट्झपर्यंत उतरते हे सांगताना ‘उणे ३ डेसिबल’ ही मर्यादा नमूद केलेली असावी. तशी नसेल तर ‘२० हर्ट्झपर्यंत’ या छापील दाव्याला फारसा अर्थ राहत नाही.

खोलीचे घनफळ

लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार हा निवडीचा पहिला आधार. १० फूट रुंद, १२ फूट लांब व १० फूट उंच खोलीचे घनफळ १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. १२ बाय १५ फुटांचा हॉल १,८०० घनफुटांचा होतो. स्वयंपाकघर व जेवणाची जागा हॉलला दाराविना जोडलेली असेल तर तीही मोजावी लागते, कारण खर्जाचे तरंग कमानीपाशी थांबत नाहीत. १२ बाय १५ चा वाटणारा हॉल अशा वेळी ३,००० घनफुटांवर जाऊ शकतो.

प्रचलित ढोबळ नियमानुसार १,५०० घनफुटांपर्यंतच्या खोलीस ८ ते १० इंची, त्यापुढे ३,००० घनफुटांपर्यंत १० ते १२ इंची, ५,००० पर्यंत १२ ते १५ इंची, आणि त्याहून मोठ्या जागेस एकाहून अधिक पेट्या सुचवल्या जातात. हा नियम आरंभ करण्यापुरता ठीक आहे. त्यापुढे डोळे झाकून तो मानणे इष्ट नव्हे. याची कारणे पुढील दोन भागांत दिली आहेत.

भिंती, छत आणि परदेशी कोष्टके

सबवूफरच्या निवडीची बहुतेक कोष्टके अमेरिकी घरांच्या अनुभवावर बेतलेली आहेत. तेथील घराच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून केलेल्या असतात. खर्जाच्या दाबाने हे तक्ते किंचित लवतात, आणि त्या लवण्यात ध्वनीची बरीच ऊर्जा खर्ची पडते. ती भरून काढायला मोठा सबवूफर लागतो.

महाराष्ट्रातील पक्के घर याच्या अगदी उलट आहे. नऊ इंची विटांची भिंत, वर सिमेंट काँक्रीटचा स्लॅब, खाली शहाबादी फरशी: यांपैकी काहीच लवत नाही. खोलीतल्या सर्वांत लांब बाजूच्या दुपटीहूनही ध्वनीची तरंगलांबी मोठी झाली, की बंद व टणक खोलीत हवेचा दाब सर्वत्र एकदमच वाढतो व उतरतो. यामुळे तळाच्या खर्जाला आपोआप बळ मिळते. आदर्श स्थितीत हे बळ वारंवारता निम्मी होताना १२ डेसिबलपर्यंत जाते. प्रत्यक्षात दारे-खिडक्यांच्या फटींमुळे ते कमी भरते, तरी लाकडी घरापेक्षा ते बरेच अधिक असते. म्हणून विटा-काँक्रीटच्या बंद खोलीसाठी परदेशी कोष्टकात सांगितलेल्या मापापेक्षा एक पायरी लहान सबवूफर पुरतो. १,२०० घनफुटांच्या सोलापुरी खोलीत ८ इंची चांगली बंद पेटीही चित्रपटाला न्याय देऊ शकते. वाचलेले पैसे समोरच्या मधल्या स्पीकरवर किंवा दुसऱ्या सबवूफरवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पत्र्याच्या छपराच्या घराला मात्र हे लागू नाही. पातळ पत्रा खर्जाला जवळजवळ अडवतच नाही. त्यामुळे आतले बळ बाहेर निघून जाते आणि वर पत्राच थरथरून आवाज करतो. अशा घरात मोठी पेटी आणल्यास चित्रपटापेक्षा छप्पर अधिक ऐकू येते. ३० हर्ट्झच्या खाली न उतरणारी लहान पेटी येथे योग्य. ती पत्र्याला फारशी हलवत नाही आणि गाण्यांचा ठेकाही राखते.

सोलापूर हे चादर व टॉवेलचे शहर. ‘सोलापुरी चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ या दोन्हींना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. भिंतीवर जाड चादरी लावून आवाज ‘दाबण्याचा’ उपाय त्यामुळे तेथे सहज सुचतो व स्वस्तही पडतो. तो निम्माच खरा आहे. कापड संवादांतील व झांजांतील उंच ध्वनी शोषते, मोकळ्या खोलीचा प्रतिध्वनी कमी करते, आणि बोललेले स्पष्ट होते. खर्जावर मात्र त्याचा परिणाम होत नाही. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर असते. भिंतीवरचा मऊ थर असा ध्वनी नीट शोषण्यासाठी तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या जवळपास, म्हणजे दोन मीटर जाडीचा असावा लागतो. अर्धा इंच चादर तेथे काय करणार! उलट उंच ध्वनी शोषले गेल्याने उरलेला खर्ज अधिकच उठून दिसतो.

स्थिर तरंग

समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीइतके झाले, की परत येणारा तरंग जाणाऱ्या तरंगात मिसळून एका जागी उभा राहतो. याला स्थिर तरंग म्हणतात. १२ फूट अंतरावर हे सुमारे ४७ हर्ट्झला घडते, १५ फुटांवर ३८ ला आणि १० फुटांवर ५७ ला. त्या वारंवारतेवर खोलीच्या भिंतींलगत ध्वनी फुगतो, तर बरोबर मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच एकाच खोलीत पलंगावर बसलेल्याला ‘फार घुमते’ आणि मधोमध खुर्चीवर बसलेल्याला ‘खर्जच नाही’ असे वाटते. दोघेही खरे बोलत असतात.

खोलीची रुंदी व उंची सारखीच असेल तर दोन स्थिर तरंग एकाच वारंवारतेवर येऊन दोष दुणावतो. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली याच प्रकारात मोडते. ५७ हर्ट्झच्या जवळचा प्रत्येक ठोका तेथे लांबतो व चिकट वाटतो. पूर्ण चौरस खोली याहून वाईट. टणक भिंती स्थिर तरंगांना बळ देतात, हे पक्क्या घराला मिळालेल्या खर्जाच्या देणगीचे मोल होय.

मोठा सबवूफर हा दोष दूर करत नाही, तो अधिक मोठ्याने ऐकवतो. यावर खरा उपाय दोन सबवूफरांचा. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक पेटी ठेवल्यास त्यांचे तरंग खोलीच्या लांबीतील पहिल्या स्थिर तरंगाला बऱ्याच अंशी निष्प्रभ करतात, आणि एकाहून अधिक आसनांवर खर्ज सारखा पोहोचतो. त्यामुळे ‘१२ इंची एक की १० इंची दोन’ असा प्रश्न असेल आणि जागा व पैसा सारखाच लागत असेल, तर कुटुंबासाठी दोन पेट्यांचा पर्याय सरस ठरतो. एकटाच प्रेक्षक असेल व त्याची खुर्ची ठरलेली असेल, तर एक पेटीही योग्य जागी ठेवून भागते.

बंद पेटी व झरोक्याची पेटी

सबवूफरच्या पेट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. बंद पेटीत पडद्यामागची हवा कोंडलेली असते. तिचा आवाज तळाकडे वारंवारता निम्मी होताना सुमारे १२ डेसिबलने उतरतो. पक्क्या बंद खोलीतून मिळणारे बळ जवळजवळ याच प्रमाणात चढत असल्याने दोघांचे चांगले जुळते. झरोक्याच्या पेटीला एक नळी असते. ठरावीक वारंवारतेजवळ ती नळीही ध्वनी देते, त्यामुळे तेवढ्याच शक्तीत आवाज मोठा येतो. परंतु त्या वारंवारतेखाली तो २४ डेसिबलच्या उताराने कोसळतो. पेटीही मोठी लागते, आणि नळी अरुंद असेल तर हवेचा फुस्स असा आवाज येतो.

लहान पक्क्या खोलीत बंद पेटी आणि मोठ्या वा उघड्या हॉलात झरोक्याची पेटी, असा सर्वसाधारण संकेत आहे. स्वस्त संचांतील पाच-सहा इंची झरोक्याच्या पेट्या ६० हर्ट्झजवळ एकच स्वर काढत राहतात. दुकानातल्या गोंगाटात तो दणका वाटतो; घरी मात्र प्रत्येक गाण्याचा खर्ज एकाच सुरात लागलेला ऐकू येतो.

वॅटचे आकडे

भारतीय बाजारात १९९० च्या दशकापासून ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा खोक्यावर छापला जाऊ लागला. क्षणमात्र व कल्पित परिस्थितीत निघू शकणाऱ्या शक्तीचा हा आकडा असून त्यासाठी सर्वमान्य मोजमाप नाही. त्यामुळे हाताएवढ्या पेटीवरही हजारो वॅट लिहिलेले आढळतात. घरातली साधी खुंटी सहा अँपिअरची असते. २३० व्होल्टवर तिच्यातून सतत मिळू शकणारी वीज १,३८० वॅटच्या पुढे जात नाही. त्या खुंटीला लावलेली पेटी ‘१०,००० वॅट’ची असेल तर तो आकडा अंगणवाडीतल्या मुलानेही खोटा ठरवावा असा आहे. निवडीसाठी ‘आरएमएस’ म्हणून दिलेली अखंड शक्तीच पाहावी.

तिचेही महत्त्व समजतो तितके नाही. शक्ती दुप्पट केल्याने तीव्रता केवळ ३ डेसिबलने वाढते. १०० वॅटऐवजी २०० वॅटची पेटी दुप्पट मोठी ऐकू येत नाही. फरक जाणवतो, इतकेच. याउलट तशीच दुसरी पेटी पहिलीशेजारी ठेवली तर ६ डेसिबलपर्यंत वाढ होते.

ऐकणाऱ्याचा कान

सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह पिढ्यान्‌पिढ्या यंत्रमागावर चालत आला आहे, आणि तेलुगू चित्रपटांची आवड तेथे घराघरांत आहे. मागाच्या अखंड खडखडाटात वर्षानुवर्षे काम केल्याने येणाऱ्या बहिरेपणाचा आरंभ साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास होतो. या पट्ट्यात व त्याच्या जवळपास शब्दांतील व्यंजनांचा बराचसा स्पष्टपणा असतो. खर्ज ऐकण्याची शक्ती मात्र बराच काळ शाबूत राहते. परिणामी अशा व्यक्तीला चित्रपटाचा दणका पूर्ण ऐकू येतो, पण संवाद पुसट लागतात. संवाद कळावेत म्हणून ती आवाज वाढवते. त्याबरोबर खर्जही वाढतो, संवाद आणखी झाकले जातात, आणि हे चक्र चालू राहते. अशा घरात मोठा सबवूफर घेणे म्हणजे दुखणे एकीकडे व लेप दुसरीकडे. तेथे मधल्या स्पीकरचा दर्जा व पातळी वाढवणे आणि सबवूफर दोन-तीन डेसिबलने उतरवणे हाच उपाय. आवाज वाढवूनही शब्द कळत नसतील, तर ध्वनियंत्रणेपूर्वी कानांची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

कानाचा आणखी एक स्वभाव येथे कामी येतो. निरोगी कानालाही खर्ज मुळात कमीच ऐकू येतो. १,००० हर्ट्झचा ध्वनी दोन-तीन डेसिबललाही जाणवतो, तर ४० हर्ट्झचा जाणवायला सुमारे ५१ आणि २० हर्ट्झचा जाणवायला सुमारे ७८ डेसिबल लागतात. एकदा ही मर्यादा ओलांडली की थोड्याशा वाढीनेही खर्ज झपाट्याने मोठा वाटू लागतो. बटण एक घर फिरवल्याने घरात ‘जरासा’ फरक पडतो, पण शेजारी दचकतात, त्याचे कारण हेच.

शेजार व कायदा

भिंत जितकी जड व ध्वनी जितका उंच, तितका तो चांगला अडतो. वारंवारता निम्मी झाली की तीच भिंत साधारण ६ डेसिबल कमी अडवते. त्यामुळे नऊ इंची भिंतीपलीकडे संवाद पोहोचत नाहीत, पण खर्ज पोहोचतो. सामाईक भिंतीच्या चाळीत व सदनिकांत हा त्रास थेट झोपेशी भिडतो. शेजाऱ्याला कथाही कळत नाही आणि गाणेही ऐकू येत नाही. नुसते ठोके तेवढे उशाशी पडत राहतात. स्लॅबमधून जाणारे कंपन वेगळे. त्यासाठी पेटीखाली जाड रबराची वा फोमची बैठक देतात, मात्र हवेतून भिंतीत शिरणाऱ्या खर्जाला ती अडवू शकत नाही.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये, अशीही तरतूद आहे. घरातल्या होम थिएटरला हे नियम लागू नाहीत हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

या नियमांतील मोजणी ‘ए’ भारांकनाने होते, आणि नेमकी येथेच खर्जाला पळवाट मिळते. कानाच्या स्वभावानुसार खर्जाचे वजन कमी धरण्यासाठी केलेल्या या भारांकनात ४० हर्ट्झच्या ध्वनीतून जवळपास ३५ डेसिबल वजा होतात. प्रत्यक्षात ८० डेसिबल असलेला ४० हर्ट्झचा ध्वनी मापकावर ४५ च दाखवतो, म्हणजे रात्रीच्या मर्यादेत बसतो. शांत खोलीत झोपू पाहणाऱ्याला तो स्पष्ट ऐकू येतो. मापक निर्दोष ठरवतो म्हणून शेजाऱ्याची तक्रार खोटी होत नाही. ‘सी’ भारांकनावर मापक लावल्यास हाच ध्वनी जवळजवळ पूर्ण दिसतो; मोबाइलवरील काही ध्वनिमापक ॲपमध्येही ही सोय असते. त्यावरचे आकडे प्रमाणित नसले तरी तुलनेपुरते पुरतात.

सामाईक भिंतीच्या घरात म्हणून ३५ हर्ट्झच्या खाली न जाणारा ८ इंची सबवूफर हीच वरची मर्यादा मानणे बरे. बहुतेक ध्वनियंत्रणांत रात्रीसाठी मोठे व लहान आवाज जवळ आणणारी सोय असते. ज्यांना अंगावर जाणवणारा हादराच हवा आहे, त्यांच्यासाठी आसनाखाली बसवायचे छोटे कंपक मिळतात. ते सोफा हलवतात, भिंत नाही. सोफ्याचे पाय मात्र रबरावर असावेत, अन्यथा खालच्या घराला तोच हादरा पोहोचतो.

जागा व जुळवणी

पेटी कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज सर्वाधिक वाढतो, पण सर्व स्थिर तरंगही जागे होतात. योग्य जागा शोधण्याची जुनी व बिनखर्चाची पद्धत अशी: सबवूफर बसण्याच्या जागी ठेवावा, खर्ज असलेले एखादे गाणे लावावे आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरावे. जेथे प्रत्येक ठोका सारखा व मोकळा ऐकू येईल, तेथे पेटी ठेवावी. ध्वनीसाठी जाण्या-येण्याचा मार्ग सारखाच असल्याने हा उलटा प्रयोग खरा ठरतो.

इतर स्पीकरांकडून सबवूफरकडे काम सोपवण्याची सीमा सहसा ८० हर्ट्झवर ठेवतात. त्याहून वर नेल्यास पुरुषी आवाजाचा तळ सबवूफरमधून येऊ लागतो, आणि पात्र पडद्यावर व आवाज कोपऱ्यात असा प्रकार घडतो. फार लहान स्पीकरांच्या संचात १०० ते १२० हर्ट्झपर्यंत जाण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा पेटी टीव्हीजवळच ठेवावी.

भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने तिची गुणगुण बरोबर सबवूफरच्या पट्ट्यात येते. सेट-टॉप बॉक्सची केबल जोडताच गुणगुण सुरू होत असेल, तर दोष बहुधा पेटीचा नसून दोन ठिकाणच्या भिन्न अर्थिंगचा असतो. जुन्या घरांत अर्थिंग तपासून घेणे हे नवी पेटी घेण्याआधीचे काम आहे.

देखभाल

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. ॲम्प्लिफायर असलेली पेटी बंद कपाटात वा टीव्हीखालच्या कप्प्यात कोंडल्यास ती तापून मध्येच बंद पडते. मागे चार बोटे तरी जागा लागते. पडद्याची कडा फोमची असेल तर काही वर्षांत ती कुजून तुटते, रबराची अधिक टिकते. जुनी पेटी विकत घेताना हे बोटाने हलके दाबून पाहता येते.

नवी पेटी वाजू लागली की प्रथम घरातलेच सामान बोलू लागते: लोखंडी कपाटाचे दार, मांडणीवरची भांडी, खिडकीची सैल काच, भिंतीवरची तसबीर. ही खडखड अनेकदा सबवूफरचा दोष समजून पेटी परत केली जाते. ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा चाचणी-स्वर लावून खोलीत फिरल्यास कोणती वस्तू कोणत्या स्वराला वाजते हे कळते. काचेच्या कडेला रबरी पट्टी, तसबिरीमागे कापडाचा तुकडा आणि कपाटाच्या दारात घडी केलेला कागद एवढ्याने बहुतेक खडखड थांबते.